बिडाचे हातयंत्र, दात्यांचा रूळ आणि पुसट अक्षरे: ही वस्तू नेमकी कशासाठी असावी?

रानजाई (प्रश्न)

गेल्या महिन्यात मी जुन्या वस्तू विकणाऱ्या एका माणसाकडून स्वयंपाकघरातल्या किरकोळ सामानाचे एक खोके घेतले. चमचे, झारे आणि एक मोडकी किसणी बाजूला केल्यावर तळाशी एक जड हातयंत्र निघाले. तेव्हापासून ते माझ्या ओट्यावर आहे आणि ते काय असावे याचा उलगडा मला अजून झालेला नाही. विकणाऱ्याला विचारले तर 'काहीतरी दळायचे यंत्र' एवढेच तो सांगू शकला. ते दळण्याचे यंत्र नाही, एवढी माझी खात्री झाली आहे. मात्र त्यापुढे माझी मती चालत नाही, म्हणून जे दिसते ते शक्य तितके बारकाईने लिहिते.

यंत्र बिडाचे आहे. उंची साधारण २४ सेंटीमीटर, वजन किलोभराहून थोडे अधिक. खाली टेबलाच्या कडेला आवळण्यासाठी शिकंजा आहे, पण त्याचा स्क्रू गंजून जागीच बसला आहे. वर नरसाळ्यासारखे तोंड आहे, तेही इतके अरुंद की त्यात दोन बोटे जेमतेम जातात. उजवीकडे दांडा आणि त्याच्या टोकाला लाकडी मूठ आहे. मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत झाली आहे, म्हणजे हे यंत्र कोणीतरी खूप वापरलेले आहे.

खरे कोडे आतमध्ये आहे. दांडा फिरवला की जो मुख्य रूळ फिरतो तो सलग नाही. पातळ पोलादी चकत्या एका दांडीवर शेजारी शेजारी ओवल्या आहेत आणि दर दोन चकत्यांमध्ये नखाच्या जाडीएवढी फट ठेवली आहे. प्रत्येक चकतीच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते आहेत आणि ते आजही बोटाला टोचतात. या रुळासमोर दोन लहान रूळ आहेत. ते काळ्या, दगडासारख्या कडक झालेल्या पदार्थाचे आहेत, त्यांना भेगा पडल्या आहेत आणि नखाने खरवडले तर काळी पूड निघते. मागच्या बाजूला एक फणी बसवली आहे आणि तिचे दात चकत्यांमधल्या फटींत नेमके शिरतात. फटींच्या तळाशी काळपट, चिकट राहून वाळलेला मळ आहे.

मला सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की या यंत्रातून माल बाहेर पडण्याच्या वाटा दोन आहेत: एक समोर आणि एक खाली. जे यंत्र दळते, किसते किंवा चिरते त्याला एक वाट पुरते. दोन वाटा का ठेवल्या असतील?

बाजूवर ओतीव अक्षरे आहेत, परंतु त्यांवर कोणीतरी लाल रंगाचा जाड थर चढवला आहे. त्यातून रोमन लिपीतली 'डब्ल्यू' आणि 'ई' ही दोनच अक्षरे स्पष्ट लागतात. त्यावरून 'वजन' या अर्थाचा इंग्रजी शब्द असेल असे मला वाटले, पण यात तोलण्यासारखे काहीच नाही. रंग खरवडून पाहावा का? कोणाला ही वस्तू ओळखता आली तर मी फार आभारी होईन.

कोनाडा

आपले वर्णन वाचून मला चेरीच्या बिया काढण्याचे यंत्र आठवले. तेही बिडाचे, टेबलाला आवळायचे आणि दांड्याने फिरवायचे असते. शिवाय तिथे फळ एका वाटेने आणि बी दुसऱ्या वाटेने जाते, त्यामुळे आपल्या दोन वाटांचा प्रश्नही सुटतो. मांस बारीक करण्याचे यंत्र हे असूच शकत नाही, कारण त्यात मळसूत्रासारखा दांडा आणि भोकांची चकती लागते. शेवयांसारख्या पट्ट्या कापण्याच्या यंत्रातही रूळ असतात, पण त्यांना खाचा असतात, टोचणारे दाते नसतात. मी चेरीच्या बाजूने आहे.

रानजाई

मनापासून आभार. आपण म्हणता तसा एखादा भाग एका वाटेने आणि उरलेला दुसऱ्या वाटेने जात असावा, हे मला पटते आणि हा विचार मला सुचला नव्हता. मात्र आपले उत्तर वाचून मी पट्टी आणि पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन बसले आणि दात्यांचा रूळ व काळे रूळ यांमधली जागा मोजली. ती जेमतेम ३ मिलिमीटर भरते आणि ती कमी-जास्त करण्याची सोय कुठेही दिसत नाही. चेरीची बी एवढ्या जागेतून कशी जाईल? ती अडकेल किंवा दाते मोडतील. वरचे तोंडही ताज्या, टपोऱ्या फळासाठी अरुंद वाटते. म्हणजे वस्तू बहुधा बी काढण्याचीच असेल, पण ते फळ लहान किंवा चपटे असले पाहिजे.

धातुकाम

वस्तू काय आहे ते मी सांगू शकत नाही. पण रंग खरवडण्याबद्दल आपण विचारले आहे, म्हणून तातडीने लिहितो: कृपया खरवडू नका, घासकागद लावू नका आणि ज्योतीने तर मुळीच जाळू नका.

याची दोन कारणे आहेत. पहिले असे की जुन्या तेलरंगात शिसे असण्याची शक्यता बरीच असते; अमेरिकेतही घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर बंदी आली ती १९७८ मध्ये. कोरडे घासले की त्याची धूळ उडते, तापवले की वाफ होते, आणि दोन्ही शरीरात जातात. दुसरे कारण वस्तूच्या भल्याचे आहे. स्वयंपाकघरातल्या बिडाच्या यंत्रांना पूर्वी बहुतेक वेळा कल्हई केलेली असे, म्हणजे त्यावर कथिलाचा पातळ थर असे. कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते. रंग जाळण्याची ज्योत त्याहून कितीतरी अधिक गरम असते, त्यामुळे रंगाबरोबर मूळ कल्हईही जाईल आणि खालचे बीड आठवडाभरात गंजू लागेल.

अक्षरे वाचण्यासाठी रंग काढण्याची गरजच नाही. ओतीव अक्षरे उठावाची असतात आणि रंगाचा थर कितीही जाड असला तरी उठाव थोडाफार शिल्लक राहतोच. पातळ कागद त्या भागावर घट्ट ताणून धरा आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून तिच्या कडेने हलक्या हाताने फिरवा. नाणे कागदाखाली ठेवून त्याचा ठसा घेण्याचा खेळ आपण लहानपणी खेळलो आहोत, तीच ही युक्ती आहे. त्याखेरीज रात्री खोलीत अंधार करून विजेरीचा झोत अक्षरांवर समोरून न टाकता अगदी बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर टाका. समोरच्या उजेडात सपाट दिसणाऱ्या जागी अक्षरांच्या सावल्या उमटतील. झोत एकदा डावीकडून आणि एकदा वरून टाका, कारण उभ्या रेषा एका दिशेने दिसतात आणि आडव्या दुसऱ्या.

जाम झालेल्या स्क्रूवर हातोडी मारू नका. बीड कडक असले तरी ठिसूळ असते. ते वाकत नाही, थेट तुटते. गंज सोडवणारे तेल दोन-तीन दिवस थेंब थेंब सोडत राहा आणि मग स्क्रू आधी थोडा आवळण्याच्या दिशेने व नंतर उलट, असा हळूहळू हलवा.

रानजाई

काल रात्री आपण सांगितल्याप्रमाणे ठसे घेतले. पहिले तीन कागद फाटले, चौथ्यावर अक्षरे आली. पेन्सिलीच्या करड्या छटेतून ओळ हळूहळू वर येताना पाहण्याचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

'वजन' हा माझा तर्क साफ चुकला. तिथे 'वेट द रेझिन्स' असे लिहिले आहे, म्हणजे 'बेदाणे ओले करा'! त्याच्या वर 'एंटरप्राइज' हा शब्द पूर्ण लागतो. त्याच्यापुढे 'फिलाडा' असे काहीतरी आहे, जे मला अपुरे वाटते. खालच्या बाजूला पेटंटची नोंद असून तिथे एप्रिलची २ तारीख आणि ऑगस्टची २० तारीख आहे. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे दिले आहेत. त्यांतला दुसरा आकडा नक्की ५ आहे, पण पहिला ८ की ९ हे कागदावरही ठरत नाही आणि विजेरीच्या उजेडातही ठरत नाही, कारण नेमका तिथे रंगाचा ओघळ आला आहे.

बेदाणे ओले का करायचे, आणि ओले करून या दात्यांत का घालायचे?

पानफुटी

आपल्याकडे मनुकांच्या बिया काढण्याचे हातयंत्र आहे, आणि त्यावरची सूचना वाचल्यानंतर आता शंकेला जागा उरत नाही. मी मुद्दाम 'मनुका' म्हणतो आहे. आपण भाषांतर करताना 'बेदाणे' लिहिले, आणि आजच्या वापरात ते कोणीही तसेच लिहील. पण सारे कोडे त्या एका शब्दात आहे. बेदाणा हा शब्द फारसीतून आला आहे आणि त्याचा अर्थच 'ज्यात दाणा नाही तो', म्हणजे बिनबियांचा. बेदाण्याला या यंत्राची गरज नाही. हे यंत्र अशा काळातले आहे जेव्हा इंग्रजीत 'रेझिन' म्हटले की बहुधा बी असलेली मनुकाच समोर येत असे.

त्या काळी सुकवण्यासाठी प्रामुख्याने मस्कट ऑफ अलेक्झांड्रिया ही द्राक्षाची जात वापरली जाई. तिचे फळ मोठे आणि सुवासिक असते, पण बियांचे. तशी मनुका केकमध्ये किंवा पुडिंगमध्ये घालायची तर आधी प्रत्येक मनुका सुरीने चिरून बी बोटाने काढावी लागे. सुकल्याने गर चिकट झालेला असतो. बी सुरीला चिकटते, सुरीवरून बोटाला चिकटते आणि बोटावरून पुन्हा गरात जाते. शेर-दोन शेर मनुका अशा साफ करणे म्हणजे घरातल्या कोणाची तरी अख्खी दुपार जात असे, आणि ते 'कोणीतरी' बहुधा बाई किंवा मूल असे. या यंत्राची मूठ एवढी गुळगुळीत का झाली, हे यावरून समजते.

आता यंत्राचे काम पाहू. वरच्या तोंडातून टाकलेली मनुका रबराचे रूळ दात्यांच्या रुळावर दाबतात. आपण ज्याला दगडासारखा पदार्थ म्हणता ते रबर आहे. नवे असताना ते लवचीक होते, वयाने ते असे कडक होऊन तडकते. दाते मनुकेच्या सालीत आणि गरात रुततात व तिला धरून ठेवतात. बी मात्र कठीण असते, दाते तिच्यात शिरत नाहीत, आणि चकत्यांमधल्या फटी तिच्यापेक्षा अरुंद असल्याने ती आतही जाऊ शकत नाही. दाबामुळे ती गरातून बाहेर ढकलली जाते आणि एका वाटेने खाली पडते. चपटी झालेली मनुका दात्यांना अडकून रुळाबरोबर पुढे फिरते, तिथे फणीचे दात तिला चकत्यांवरून उचलून सोडवतात आणि ती दुसऱ्या वाटेने बाहेर येते. आपल्या दोन वाटा त्या ह्याच. चेरीचा तर्क तत्त्वतः बरोबरच होता, फक्त फळ सुकलेले निघाले.

ओले करण्याची सूचना या रचनेतूनच आलेली आहे. कोरड्या मनुकेची साल चिवट असते आणि गर बीला धरून बसतो. तशी मनुका दाबली की बी न सुटता सगळे मिळून दात्यांत चेचले जाते आणि फणी तुंबते. गरम पाण्यात थोडा वेळ भिजवली की साल मऊ पडते, गर सैल होतो आणि बी निसटते. त्याशिवाय ओला गर दात्यांवर कमी चिकटतो. छापील सूचनापत्र पहिल्याच आठवड्यात हरवते आणि यंत्र मात्र पुढच्या पिढीकडे जाते, हे बनवणाऱ्यांनी ओळखले असावे. नाहीतर सूचना थेट बिडात ओतण्याचे दुसरे कारण मला दिसत नाही.

'फिलाडा' हे अपुरे नाही, ते अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या नावाचे त्या काळी रूढ असलेले संक्षिप्त रूप आहे. एंटरप्राइज मॅन्युफॅक्चरिंग कंपनी ही तिथली कंपनी कॉफीच्या चक्क्या, मांस बारीक करण्याची यंत्रे आणि चेरीच्या बिया काढण्याची यंत्रेही बनवत असे.

वर्षाचा प्रश्न ठशाशिवायही सुटतो. अमेरिकेत पेटंटे मंगळवारी दिली जातात, आणि ही पद्धत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. २ एप्रिल १८८५ आणि २० ऑगस्ट १८८५ या दोन्ही तारखांना गुरुवार होता. २ एप्रिल १८९५ आणि २० ऑगस्ट १८९५ या दोन्ही तारखांना मंगळवार होता. म्हणजे पुसट आकडा ९ आहे.

यावरून आपले यंत्र १८९५ मध्येच बनले असे मात्र समजू नये. पेटंटची तारीख 'याआधी नाही' एवढेच सांगते. त्या वेळी अमेरिकेत पेटंटची मुदत १७ वर्षांची होती, म्हणजे या पेटंटांचे संरक्षण १९१२ मध्ये संपले. पण साचा तोच वापरला तर अक्षरेही तीच उमटत राहतात. दुसऱ्या टोकाला एक अंदाज बांधता येतो. १९२७ मध्ये तिथला कायदा बदलला आणि वस्तूवर तारखेऐवजी पेटंटचा क्रमांक देणे आवश्यक झाले. आपल्या यंत्रावर केवळ तारखा आहेत, त्यामुळे ते त्याआधीचे असण्याचा संभव अधिक आहे.

एक विनंती करतो. फटींच्या तळाशी वाळलेला मळ आहे असे आपण पहिल्याच मजकुरात लिहिले आहे. तो ब्रशने एकदम धुऊन टाकू नका. बारीक सुईने थोडा थोडा पांढऱ्या कागदावर काढा, कोमट पाण्याच्या थेंबात सोडवा आणि भिंगातून पाहा.

कोनाडा

माझे उत्तर चुकले याचे मला काहीच वाईट वाटत नाही, कारण त्यामुळे ती ३ मिलिमीटरची जागा मोजली गेली. मला एक विचारायचे आहे. इतके विचारपूर्वक बनवलेले यंत्र आज कोणाला ओळखूही येऊ नये, असे का झाले? आणि साफ केल्यावर ते वापरता येईल का?

पानफुटी

द्राक्षच बदलले, म्हणून. विल्यम थॉम्पसन यांनी १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात बिनबियांचे द्राक्ष लावले आणि ते पुढे थॉम्पसन सीडलेस या नावाने सर्वत्र पसरले. ती जात त्यांनी निर्माण केलेली नव्हती. पूर्वेकडे ती सुलताना आणि किशमिश या नावांनी फार आधीपासून होती. सुकवण्यासाठी तिची लागवड जसजशी वाढली, तसतसे बी काढण्याचे कामच उरले नाही. मधल्या काळात फ्रेस्नो परिसरातले कारखाने मोठ्या यंत्रांवर मनुकांच्या बिया काढून अशा साफ मनुका खोक्यांत भरून विकू लागले होते, त्यामुळे घरच्या यंत्रावर दोन्ही बाजूंनी गदा आली. यंत्रात कोणताही दोष नव्हता.

वापरण्याबद्दल धातुकाम यांनी सांगावे, तो माझा विषय नाही.

धातुकाम

खाण्याच्या पदार्थासाठी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रबर भुगा होत आहे आणि तो भुगा सरळ मनुकेत जाईल. बाहेरच्या रंगात शिसे आहे की नाही हे तपासलेले नाही. त्यासाठी पट्टीचा रंग बदलणारे तपासणी संच मिळतात, पण तो नकारात्मक आला तरी रबराचा प्रश्न राहतोच. शिवाय दात्यांवरची कल्हई बहुधा उडालेली असेल. नवे रबर चढवून, रंग रसायनाने ओला असतानाच काढून आणि पुन्हा कल्हई करून यंत्र चालते करता येईल, पण तसे केल्यास त्याचे मूळ रूप जाईल. मी असतो तर सुटा मळ काढला असता, दात्यांना तेलाचा हलका हात दिला असता आणि लाल रंग तसाच ठेवला असता. तोही कोणीतरी हौसेने दिलेला आहे.

रानजाई

आज सकाळी सुई, पांढरा कागद आणि पोस्टाच्या तिकिटांसाठी घेतलेले जुने भिंग घेऊन खिडकीशी बसले. बहुतेक फटींतून गंज आणि काळा खळ निघाला, जो पाण्यात विरघळून तपकिरी झाला. उजवीकडून चौथ्या फटीत, जिथे एक दाता थोडा वाकलेला आहे, तिथे सुई कशाला तरी अडली. पाण्याचा थेंब सोडून पाऊण तास थांबले आणि मग ते अलगद बाहेर आले.

ते सुमारे ५ मिलिमीटर लांब आहे, एका टोकाला निमुळते आणि दुसऱ्या टोकाला गोलसर, लहानशा पेअरच्या आकाराचे. दात्याने दाबल्याची खूण कडेला आहे, पण ते फुटलेले नाही. एका अंगाला दोन उभ्या खाचा शेजारी शेजारी आहेत आणि पाठीवर मध्यभागी एक लहान गोल खळगा आहे.

ताज्या द्राक्षातली एक बी काढून मी तिच्या शेजारी ठेवली. दोन खाचा, पाठीवरचा खळगा आणि निमुळते टोक, सगळे जुळते; फक्त यंत्रातली बी जवळजवळ काळी झाली आहे. ती मी काचेच्या छोट्या बाटलीत ठेवून बाटली यंत्राच्या दांड्याला दोऱ्याने बांधली आहे. स्क्रू अजून सुटलेला नाही, तेल सोडणे चालू आहे.